बाजूची सरी

आरशात आधी फक्त हात दिसला. सकाळचे साडेसात झाले होते. वसमतच्या नाक्यावर टेम्पो उभा होता, मागं बायका चढत होत्या आणि विश्वंभर सवयीनं डाव्या आरशात बघत डोकी मोजत होता. तेव्हा वीसेक पावलं मागं उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीची दांडी एका वाळक्या, सावळ्या हातानं धरलेली त्याला दिसली. मनगटावर विंचू गोंदलेला होता. अकरा वर्षं हा विंचू त्याच्याच टेम्पोची दांडी धरून वर चढत आला होता. विंचवामागून चंद्रभागाबाईचं लुगडं दिसलं, मग वाकलेली पाठ दिसली, मग ती आत बसली आणि दिसेनाशी झाली. गाडी उत्तमसिंगाची होती. तोही बायांची टोळी घेऊन शेतोशेत खुरपणीला जायचा. त्याचं आणि विश्वंभरचं कधी वाकडं नव्हतं, समोरासमोर आले की दोघं हात वर करायचे. आज विश्वंभरनं हात वर केला नाही, हॉर्न वाजवला. कशासाठी ते त्याचं त्याला सांगता आलं नसतं.

"हॉर्न कोणाला वाजवून राहिले, दादा?" मागून सुमनबाई ओरडली. "गेली ती. कालच म्हणली आमाला, उद्यापून तिकडं जाते म्हणून. तुमाला न्हाई सांगितलं व्हय?"

नव्हतं सांगितलं. त्यानं गियर टाकला आणि टेम्पो माणिकरावांच्या हळदीकडं घेतला. रस्ता कालव्याच्या कडेकडेनं जातो. सिद्धेश्वर धरणाचं पाणी सुटलेलं होतं. त्याची बायको दीपमाला होती तेव्हा ती ह्या रस्त्याला केबिनमध्ये त्याच्या बाजूला बसायची, एक पाय वर घेऊन, आणि मागच्या बायकांशी खिडकीतून डोकं काढून बोलायची. तिचं अर्धं बोलणं वाऱ्यात जायचं. तो म्हणायचा, डोकं आत घे, एखादा ट्रक नेईल. ती म्हणायची, नेऊ द्या, डोसक्यात काय हाय? मग हसायची. बाजूची सीट आता रिकामी असते. बायकांना कितीदा सांगितलं की एकीनं पुढं बसा, मागं दाटी होते, पण कोणी बसत नाही. सीटखाली तिचं खुरपं आहे, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली. खड्ड्यात चाक गेलं की ते पत्र्यावर वाजतं. सहा महिने झाले ते वाजतंय. त्यानं ते काढलेलं नाही.

टोळी तिची होती. हे त्याला आता कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं, पण तेव्हा ते कळणं म्हणजे नाक्यावरच्या पाटीचं नाव वाचण्यासारखं होतं. ती मुकादमीण, तो ड्रायव्हर. ती बायका गोळा करायची, शेतकऱ्याशी बोलायची, कोणाला कुठं बसवायचं ते ठरवायची. तो त्यांना पोचवायचा, शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या लिंबाखाली टेम्पो लावायचा, मोबाईल बघायचा, झोपायचा, आणि पाच वाजता परत आणायचा. गेल्या माघात, हळद शिजवायचे दिवस होते, तिला ताप आला. चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी नांदेडला नेलं, सहाव्या दिवशी ती गेली. तेराव्यानंतर दोन दिवसांनी सकाळी दारात बायका उभ्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून, हातात जेवणाचे डबे घेऊन. चंद्रभागाबाई पुढं होती. ती एवढंच म्हणाली, "जावई, गाडी काढा." त्यानं गाडी काढली. असा तो मुकादम झाला.

चंद्रभागाबाई त्याला जावई म्हणायची कारण ती डोंगरकड्याची, दीपमालाच्या माहेरची. नात्यानं कोणी नव्हती, पण एका गावची म्हणजे मावशीच. त्यामुळं बासष्ट वर्षांची ही बाई विश्वंभरपुढं डोक्यावरचा पदर सरळ करायची, त्याच्याशी 'तुमी' म्हणून बोलायची, आणि टेम्पोत कितीही उन्हानं तापलं तरी त्याला कधी एक शब्द वाकडा बोलायची नाही. बाकीच्या बायका त्याची चांगली उडवायच्या. ती नाही. जावई तो जावई.

माणिकरावांच्या शेतात दुसरी खुरपणी चालू होती. हळद गुडघ्याच्या वर गेली होती. हळदीला लांबलचक बेड असतात आणि दोन बेडच्या मधे सरी. एका सरीत एक बाई बसते. डाव्या हाताचा अर्धा बेड आणि उजव्या हाताचा अर्धा बेड, एवढं तिचं. दुसरा अर्धा शेजारच्या सरीतल्या बाईचा. बेडच्या मधोमध काही रेघ आखलेली नसते, ज्याची त्याला कळते. अशा तेरा बाया तेरा सऱ्यांत बसल्या आणि बसल्या बसल्या पुढं सरकू लागल्या. शेवटची, धुऱ्याच्या कडेची चंद्रभागाबाईची सरी रिकामी राहिली. तिथं हराळी माजली होती. विश्वंभर लिंबाखाली उभा राहून त्या रिकाम्या सरीकडं बघत होता. एक गेली. काय मोठं झालं? बाया येतात, जातात. पण त्याला खुपत होतं ते हे नव्हतं. चंद्रभागाबाई ही दीपमालानं आणलेली पहिली बाई. टोळी तिच्यापासून सुरू झाली होती. ती गेली म्हणजे दोन-चार जणी अजून जातील, मग दिवाळीपर्यंत पाच-सहा उरतील, मग एक दिवस नाक्यावर टेम्पो उभा राहील आणि आरशात कोणीच दिसणार नाही. दीपमाला घरात उरली नव्हती. तिच्या साड्या तिच्या बहिणी घेऊन गेल्या होत्या. फोटो होता, पण फोटोत ती कोणाच्या तरी लग्नात ताठ उभी आहे, तशी ती कधीच उभी राहायची नाही. जी काही उरली होती ती ह्या चौदा बायांमध्ये होती. त्यांच्या बसण्याउठण्यात, एकमेकींना हाका मारण्यात. टोळी मोडली की ती पुन्हा एकदा जाणार होती, आणि ह्या वेळी त्याच्या हातानं.

तो खुरपणीत बसलाच नव्हता असं नाही. एकदा बसला होता. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात डोंगरकड्याला गेला, तेव्हा तिच्या चुलत्याच्या हळदीत सगळं घर खुरपायला चाललं होतं. हा नवा जावई, हातात घड्याळ, पायात बूट. सगळे म्हणाले, तुमी बसा सावलीला. पण ती खुरपं घेऊन निघाली आणि त्याला सावलीला बसवेना. त्यानं तिच्या बाजूची सरी धरली. मेव्हण्या फिदीफिदी हसत होत्या, शहरगावचा माणूस, दहा पावलांवर मान टाकतो की नाही बघा. पण त्यानं मान टाकली नाही. सरीच्या टोकाला दोघं बराबर निघाले. चुलता म्हणाला, अरे, हा तर हिच्या बरोबरीनं आला! आणि ती, तोंडावरचा घाम पदरानं पुसत, खाली बघत म्हणाली, व्हय की. ही गोष्ट त्यानं बावीस वर्षं सांगितली. लग्नकार्यात सांगितली, टेम्पोत सांगितली, लेकीला तर पन्नासदा. टोळीतल्या बायकांना चिडवायला सांगायचा, आयुष्यात एकदाच खुरपं धरलं, पण तुमच्या मुकादमणीच्या बरोबरीनं निघालो. ती बाजूला असली की दरवेळी तेवढंच म्हणायची, व्हय की. त्याला वाटायचं, तिलाही त्याचा अभिमान आहे.

संध्याकाळी घरी आला तर प्रतिक्षा पुस्तकं पसरून बसलेली होती. ती बी.बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मुख्य विषय मानव संसाधन व्यवस्थापन. ह्या विषयाचं नाव विश्वंभरला अजून एका दमात घेता येत नाही. विषय आठवायला गेला की त्याला नाव आठवत नाही, कॉलेजातली ती खिडकी आठवते. प्रवेशाच्या दिवशी खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं होतं, मेजर कोणतं घेणार? मार्केटिंग, फायनान्स की एचआर? प्रतिक्षा आईकडं बघायला लागली, आई क्लार्ककडं. दीपमालानं विचारलं, "हे शेवटलं जे म्हणले, त्याच्यात काय शिकवतेत?" क्लार्क घाईत होता. तो म्हणाला, "माणसं कशी सांभाळायची ते, बाई." दीपमाला एवढ्या मोठ्यानं हसली की रांगेतली सगळी मान वळवून बघायला लागली. "मंग हेच घे," ती लेकीला म्हणाली, "आन दररोज सांजच्याला मला शिकव. माझ्या चौदा जणी हायेत." आणि तसं खरंच चालायचं. तिला वाचता यायचं पण पुस्तकी मराठी अडखळत, म्हणून ही भाकरी थापायची आणि लेक धडा वाचून दाखवायची. भरती, प्रशिक्षण, प्रेरणा, तक्रार निवारण. दीपमाला ऐकता ऐकता मधेच म्हणायची, "हे बी लिहिलंय पुस्तकात? हे तर सुमनच्या भांडणासारखं झालं." किंवा, "हे ज्यानं लिहिलंय त्यानं बाया न्हाई बघितल्या." विश्वंभर बाहेर ओट्यावर बसून हे ऐकायचा आणि हसायचा. आत जाऊन बसला नाही. एक दिवससुद्धा नाही. आता त्याला आत जाऊन बसायचं असतं. तो बसतोही, पण आता तिथं धडा वाचला जात नाही, कारण ऐकणारी नाही. प्रतिक्षा मनात वाचते. डिसेंबरात ती पुण्याला एका कारखान्यात तीन महिने शिकायला जाणार आहे.

"चंद्राक्का गेल्या," तो म्हणाला.

"कुठं गेल्या?" तिनं एकदम मान वर केली, आणि तिच्या तोंडावरची भीती बघून त्याला कळलं की 'गेल्या' हा शब्द ह्या घरात आता तसा वापरता येत नाही.

"उत्तमसिंगाच्या टोळीत."

ती भिंतीला लावलेल्या तक्त्याकडं बघायला लागली. हा तक्ता तिनं आषाढात केला होता, तिच्या प्रकल्पासाठी. विषय होता शेतमजूर महिलांच्या गटाचं कार्य मूल्यमापन. डावीकडं बायांची नावं, पुढं सरीचा नंबर, पुढं सरी पूर्ण व्हायला लागलेला वेळ. पुस्तकात होतं, प्रत्येकाचं काम स्पष्ट असावं आणि मोजता यावं. विश्वंभरला तक्ता फार आवडला होता. त्याला मुकादमी येत नव्हती, कोणाला कुठं बसवायचं कळत नव्हतं. दीपमाला धुऱ्यावर उभी राहून नुसत्या बोटानं दाखवायची, तू इथं, तू तिथं, आणि त्यात काही हिशोब असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. तक्त्यानं हिशोब दिला. जलद हाताच्या बाया त्यानं एका बाजूला लावल्या, म्हणजे एकमेकींच्या ईर्ष्येनं पळतील. मंद हाताच्या दुसऱ्या बाजूला. ज्याची सरी त्यानं काढायची, कोणाचा कोणाला भार नको. रोज संध्याकाळी तो शेतातच एका कागदावर वेळा लिहायचा आणि त्याचा फोटो लेकीला पाठवायचा. कागद टेम्पोच्या मागच्या फळीला चिकटवायचा. काम खरंच अर्धा तास आधी संपायला लागलं. माणिकराव खुश, कॉलेजातल्या मॅडम खुश. आणि रोज सगळ्यात खाली एकच नाव. चंद्रभागाबाईला वाचता येत नव्हतं, पण सुमनबाईला येत होतं आणि तिची जीभ तिच्या हातापेक्षा जलद होती. "चंद्राक्का, आज बी गाडीचा मागला लाल दिवा तुमीच बरं का!" सगळ्या हसायच्या. चंद्रभागाबाईही हसायची. विश्वंभरही हसला होता.

"मी त्यांच्याकडं जाते रविवारी," प्रतिक्षा म्हणाली. "आम्हाला आहे ते. काम सोडून जाणाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची असते. शेवटची. काहून चाललात म्हणून विचारायचं. भांडायचं नाही, थांबा म्हणायचं नाही. फक्त विचारायचं आणि लिहून घ्यायचं."

"असं शिकवतेत?"

"हो, पप्पा. एक अख्खा धडा आहे."

तो ओट्यावर जाऊन बसला. जाणाऱ्याला विचारायचं. दवाखान्यात सहाव्या दिवशी सकाळी दीपमालानं डोळे उघडले होते, चांगली ओळख पटत होती, तिनं त्याचं बोट धरलं होतं. तो तिच्याशी काय बोलला? तो म्हणाला, डॉक्टर म्हणलेत दोन दिवसात सोडतील. टेम्पोचा क्लच घसरतोय. पाणी देऊ का? एवढंच. विचारलं काहीच नाही. बावीस वर्षं कशी गेली तुझी, काय राहिलं, कोणाकडं बघू, काय सांगून ठेवायचं ते सांग. एक अख्खा धडा होता म्हणे ह्यावर. तो ओट्यावर बसायचा तेव्हा आत तो धडा कधीतरी वाचला गेला असेल. तिनं ऐकला असेल.

रविवारी प्रतिक्षा जाऊन आली. आल्या आल्या कोपऱ्यात बसून मोबाईलवरचं बोलणं वहीत उतरवायला लागली. विश्वंभर परातीत ज्वारीचं पीठ मळत होता. भाकरी तो अलीकडं शिकला आहे, जमेल तशा येतात. ती मोबाईल चालू करायची, एक वाक्य ऐकायची, बंद करायची, लिहायची, शंका आली की पुन्हा मागं घेऊन ऐकायची. त्यामुळं चंद्रभागाबाईचा आवाज घरात अडखळत, पुन्हा पुन्हा येत होता.

"काम सोडण्याचं मुख्य कारण?" हा प्रतिक्षाचा आवाज, परीक्षेतल्यासारखा.

"कारण काय बाई, पाय दुखतेत."

"पण मग उत्तमसिंगकडं कशा जाता?"

"तिकडंबी दुखतेतच की." हसणं.

"प्रवासाची काही तकलीफ? सोबतच्या बायांची? वरिष्ठांची?"

"वरिष्ठ म्हंजी कोण गं?"

"म्हणजे, पप्पा."

"आगं, जावयाला म्या नावं ठेवू? आन ते बी मोबाईलात? तुझी अक्कल कॉलेजात ठिवून आलीस का?"

मग बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज. कोणीतरी चहा ओतत असावं. प्रतिक्षानं तिथं काही विचारलं नव्हतं, गप्प बसली होती. विश्वंभरला वाटलं, हे गप्प बसणंही शिकवलं असेल. मग चंद्रभागाबाईचा आवाज पुन्हा आला, पण आता तो वेगळा होता, स्वतःशी बोलल्यासारखा.

"तुझी माय व्हती तवर म्या म्हातारी झाले हे मला ठावच नव्हतं."

प्रतिक्षानं बंद केलं, लिहिलं, मागं घेतलं. "तुझी माय व्हती तवर म्या म्हातारी झाले हे मला ठावच नव्हतं." पुढं. "ती दररोज माझ्या बाजूच्या सरीत बसायची. म्या म्हणायचे, माझा हात अजून चालतोय, बघ, मुकादमणीच्या संगं निघते म्या. मंग ती गेली आन हे कागद आले. पहिल्या रोजी म्हणलं, यंदा तन लई हाय. दुसऱ्या रोजी म्हणलं, तन लई हाय. मंग ध्यानात आलं, बाई. तन तेवढंच हाय. तिचा हात न्हाई." बंद. लिहिणं. मागं. "तन तेवढंच हाय. तिचा हात न्हाई." प्रतिक्षा तिथंच थांबली. तिनं ते तिसऱ्यांदा लावलं, पण आता लिहीत नव्हती. "मधल्यापून इकडं यायचा तिचा हात. माझ्या अर्ध्यातून अजून अर्धं काढायची. बोलता बोलता. मला दिसूच द्यायची न्हाई. अकरा वरीस, लेकरा. आन आता सुमी वाचून दाखवती, मागला लाल दिवा. खोटं न्हाई ते. पर म्हातारपण असं एका दिसात नको गं कागदावर."

पिठातले विश्वंभरचे हात थांबले होते. प्रतिक्षा वही मिटून म्हणाली, "माझ्या तक्त्यानं गेल्या त्या, पप्पा." तो म्हणाला, "तुझा तक्ता खोटा न्हाई. म्या त्यांना धुऱ्याला बसवलं, ते तू न्हाई सांगितलं." परातीकडं बघत म्हणाला, "विचारलंस म्हणून कळलं तरी. लिही सगळं. मॅडमला दे." आणि मग पीठ पुन्हा मळायला लागला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मळता मळता त्याच्या मनात एकच गोष्ट येत होती, की तो लिंबाखाली झोपलेला असायचा तेव्हा चाळीस पावलांवर हे चाललेलं असायचं. रोज. त्यानं मान वर करून बघितलं असतं तर दिसलं असतं. एखाद्या दिवशी बघितलंही असेल. हळदीची पानं हलताना दिसली असतील.

सोमवारी सकाळी सात वाजता तो चंद्रभागाबाईच्या दारात उभा राहिला. ती डबा बांधत होती. त्याला बघून दचकली, पदर सावरला, घाईघाईनं पाट मांडला, सुनेला हाक मारली, चहा टाक गं, जावई आलेत. तो बसला. काय बोलायचं ते रात्री ठरवलं होतं, त्यातलं आता काहीच आठवेना. माफी मागायची तर जावयानं सासुरवाडीच्या माणसाची माफी कशी मागायची? ती ऐकूनच घेणार नाही, वर तिलाच पाप लागल्यासारखं होईल. चहा आला. मग तीच म्हणाली, खाली बघत, "यंदा धोंड्याचा महिना व्हता. तुमाला जेवाय बोलवायचं लई मनात व्हतं. डोंगरकड्याहूनबी कोणी बोलावलं नसंल. पर म्हणलं, पोरगीच न्हाई तर जावयाला कसं बोलवावं, तुमालाबी वंगाळ वाटंल. म्हणून ऱ्हायलं."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करून जेवू घालतात, वाण देतात, आणि जावयानं काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत. तीन वर्षांपूर्वीच्या धोंड्याला दीपमाला आणि तो डोंगरकड्याला गेले होते, तेव्हा तिनं त्याला आधीच बजावलं होतं, काही मागू नका बरं, चुलत्याची ओढाताण हाय. विश्वंभरनं कप खाली ठेवला.

"मंग माझं वाण ऱ्हायलंय तुमच्याकडं," तो म्हणाला.

ती गोंधळली. "व्हय, ऱ्हायलंय की. काय पायजे? सांगा."

"आज माझ्या बाजूच्या सरीत बसा."

"तुमच्या बाजूच्या? तुमी कुठं सरीत बसता?"

"आज बसणार हाय."

"जावयानं खुरपं धरायचं?" ती खरंच घाबरली. "लोक काय म्हणतील? न्हाई, न्हाई, ते सोडून दुसरं मागा. टोपी मागा, टॉवेल मागा."

"धोंड्याचं वाण हाय, मावशी," तो म्हणाला. "न्हाई म्हणता येत न्हाई."

डब्याची गाठ आवळत ती सुनेला म्हणाली, "उत्तमसिंगाला फोन लाव. म्हणावं, जावयानं धरून नेली."

टेम्पोच्या मागच्या फळीवरचा कागद त्यानं आदल्या दिवशीच काढला होता. गोंदाचे चार डाग तेवढे राहिले होते. सुमनबाईनं ते बघितले, चंद्रभागाबाईला चढताना बघितलं, आणि नवल म्हणजे एक शब्द बोलली नाही, तिला हात देऊन वर ओढलं. पण विश्वंभर सीटखालचं खुरपं काढून, पँट दुमडून सरीत उतरला तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. "आज टेम्पोला कोण खुरपणार मंग? दादा, बूट काढा की, लग्नाला चालले का?" सगळ्या हसल्या. मुठीवरची लाल चिंधी त्यांना दिसली तेव्हा हसणं आपोआप थांबलं. ती चिंधी तळहाताला लागली. घाम वाळून वाळून कडक झाली होती.

तो ठरवूनच आला होता. धुऱ्याची, हराळीची सरी त्यानं स्वतः घेतली आणि त्याच्या बाजूची चंद्रभागाबाईला दिली. बेडच्या मधोमध जिथं रेघ नसते, तिथून हात पलीकडं टाकायचा, तिच्या अर्ध्यातलं अर्धं काढायचं, बोलता बोलता, दिसू न देता. सुरुवातीचे दहा-बारा हात जमलं. हळदीच्या पानांखाली दमट, कोंदट हवा होती. पान मोडलं की कच्च्या हळदीचा वास यायचा, आणि हा वास दीपमालाच्या पदराला असायचा, दिवाळीतसुद्धा, नव्या साडीतसुद्धा. त्याला वाटायचं तो तिचाच वास आहे. मग गुडघे भरून आले. मग कंबर. हराळीची मुळं खोल होती, एकेक उपटायला दोन-दोन घाव लागत होते. बायका पुढं निघून गेल्या. त्यांचे आवाज लांबून यायला लागले. बाजूला फक्त चंद्रभागाबाईच्या खुरप्याचा खस्स खस्स आवाज होता, एकसारखा. तो मान खाली घालून समोरच्या वीतभर मातीकडं बघत राहिला. पलीकडं हात टाकायचं केव्हाच सुटलं होतं, स्वतःचंच निघत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की आपण मागं पडत चाललो, आणि ती अजून बाजूलाच कशी आहे हे कळत नव्हतं.

मग तण थोडं कमी झालं. त्याला बरं वाटलं, हात बसला वाटतं. उजव्या बाजूचा अर्धा बेड तर जवळजवळ मोकळाच लागायला लागला. नुकतीच हलवलेली काळी माती, तिच्यावर मुळं वर करून पडलेली हराळी. त्यानं खुरपं घातलं, पण उपटायला काही नव्हतं. तो तसाच बसून राहिला. हळदीची पानं हलली. पानांच्या मधून, बेडच्या मधल्या रेघेच्या अलीकडं, त्याच्या बाजूला, एक वाळका सावळा हात आला. मनगटावर विंचू होता. हातानं हराळीचा एक झुबका मुळासकट उपटला, तिथंच उलटा टाकला, आणि परत गेला. पानांपलीकडं चंद्रभागाबाई सरळ समोर बघत होती. तिच्या सुनेनं नवा फ्रीज घेतला त्याबद्दल काहीतरी बोलत होती.

डोंगरकड्याच्या त्या श्रावणात माती अशीच मोकळी लागली होती. अर्ध्या सरीनंतर. तेव्हाही त्याला वाटलं होतं, हात बसला. तेव्हा पानांपलीकडं दीपमाला अशीच सरळ समोर बघत होती, आणि चुलतीच्या गाईला कालवड झाली त्याबद्दल बोलत होती. लग्नाला दोन महिने झालेले. बावीस वर्षं त्यानं ती गोष्ट सांगितली. बावीस वर्षं ती बाजूला उभी राहून ऐकत होती.

त्यानं मान वर केली नाही. खुरपं तसंच चालवत राहिला, मोकळ्या मातीतसुद्धा, आवाज यावा म्हणून. डोळ्यातलं पाणी घामाबरोबर नाकाच्या शेंड्यावरून मातीत पडत होतं, ते पुसायला हात लावला असता तर तिला कळलं असतं. "कितीचा घेतला फ्रीज?" त्यानं विचारलं. ती सांगत राहिली. पानं अधूनमधून हलत राहिली.

सरीच्या टोकाला दोघं निघाले तेव्हा बाकीच्या बाया लिंबाखाली डबे सोडून बसल्या होत्या. सुमनबाईच्या तोंडात घास होता. तिनं दोघांकडं बघितलं, हातातला तुकडा वर केला आणि ओरडली, "आरं बाप्पा! दादा तर चंद्राक्काच्या बरोबरीनं आले की!"

चंद्रभागाबाईनं पदरानं तोंडावरचा घाम पुसला. खाली बघत म्हणाली, "व्हय की."